विहिरीवरचं सिम आधी बघ

घरातल्या सगळ्या फोनांचे रिचार्ज आता तू करतोस, म्हणजे निम्मा कारभार तुझ्या हाती आलाच. सातबारा नावावर व्हायचा तेव्हा होईल. आणि कारभार हाती येताच तू काढलंस काय, तर सगळे नंबर एका कंपनीत नेऊ, सगळ्यांना फाइव्हजी फोन घेऊ, कटकट मिटेल. घे की! मी कशाला आड येऊ? पण टेलिफोन खात्यात माझी उमर गेली. खांबांवर तारा ओढल्या, सी-डॉटच्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळ्या केल्या, खात्याचं बीएसएनएल झालेलं पाहिलं, आणि ३१ जानेवारी २०२० ला देशभरातली ७८ हजारांवर माणसं व्हीआरएस घेऊन एका दिवसात घरी गेली, त्यांत मीही होतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. नवं नेटवर्क वाजतगाजत येतं, जुनं मात्र गुपचूप जातं. म्हणून नवं घेण्याआधी घरातलं काय काय जुन्यावर चाललंय ते मोजायचं.

मोजणी विहिरीपासून सुरू कर. मोटरीच्या पेटीशेजारी ती डबी लटकवलीय ना, बोटभर काळा अँटेना असलेली, तो मोबाईल स्टार्टर. आपल्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्री दोनला उठून भावडबारी घाटाकडून येणाऱ्या वाऱ्यात बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं, पायाखाली काय आहे ते न दिसणं, हे तुझ्या बापानं भोगलंय. त्या डबीनं ते सोडवलं. गोधडीतून फोन लावायचा, आतून बाई सांगते की तीन फेज आहेत, आकडा दाबला की मोटर सुरू. त्या डबीचं झाकण एकदा उघडून बघ. मुंग्यांनी घर केलेलं असेल, एखादी पाल असेल, ती झटक. खाली कोपऱ्यात सिम दिसेल आणि जवळच एक बारीक दिवा. बहुतेक डब्यांत असं असतं की दिवा भराभर मिचमिचला तर सिमला नेटवर्क सापडत नाहीये, आणि तीन-तीन सेकंदांनी सावकाश लुकलुकला तर सापडलंय. गावात अर्ध्या लोकांना हे ठाऊक नाही. ते थेट मोटर काढून रिवायंडिंगला नेतात.

तर ही डबी टूजीवर चालते. आत बसवलेला मॉड्यूल जुना, स्वस्त, नऊशे आणि अठराशेच्या पट्ट्यावर बोलणारा. त्यात जिओचं सिम घातलं तर ते मुकंच राहणार, कारण जिओकडे टूजी नाहीच. ५ सप्टेंबर २०१६ ला ती कंपनी आली तीच फोरजीवर. त्यात कंपनीचा काही दोष नाही, पण आपल्याच शिवारात एकाने हौसेने घरातली सगळी सिमं पोर्ट केली, त्यांत स्टार्टरचंही केलं, आणि ऐन कांदा पोसायच्या वेळी पेटी गप्प झाली. महावितरणला शिव्या, वायरमनला शिव्या, डीपीवरच्या फ्यूजला शिव्या. सिमचं नाव कुणी काढेना.

स्टार्टरच्या सिमचे तीन नियम पाळ. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने नंबर आणि रिचार्ज संपायची तारीख लिही, कारण तो नंबर कुणाच्याच खिशात नसतो, म्हणून आठवणीतही नसतो. ते सिम कुणाच्या नावावर आहे ते बघ. पेटी विकणाऱ्याने कधीकधी स्वतःच्याच नावाचं सिम घालून दिलेलं असतं, उद्या त्याने ते बंद केलं की तू बसलास. आणि नवी पेटी घेताना दुकानदाराला विचार, आत टूजी मॉड्यूल आहे की फोरजी. फोरजी असेल तर तसं बिलावर लिहून घे. चार पैसे जास्त जातील. जुन्या पेट्या आजच फेकायला सांगत नाही मी, टूजी अजून चालू आहे. एकदम सगळ्या बदलू नकोस, आधी डाळिंबाच्या विहिरीवरची बदल, कारण तिथे एक पाळी चुकली तर नुकसान लाखात आहे.

स्टार्टर झाला की थांबू नकोस. बागेतल्या खांबावरचा सोलर कॅमेरा सिमवर चालतो. सौर पंपाच्या पेटीत पंपावर नजर ठेवणारी वेगळी डबी असते, तिच्यातही सिम असतं. चुलत्याच्या दुकानातला ‘पैसे जमा झाले’ म्हणून ओरडणारा डबाही सिमवरच ओरडतो. आणि आईचा बटणांचा फोन. सगळं एका वहीच्या पानावर लिही: वस्तू, नंबर, कंपनी, टूजी की फोरजी, नाव कुणाचं. घरात माणसांपेक्षा सिमं जास्त निघतील, बघ तू.

जुनं जातं म्हणजे काय, ते तुला सांगतो, कारण तुझ्या पिढीने एकच जाणं पाहिलंय. १४ जुलै २०१३ ला आपल्या देशात शेवटच्या तारा घेतल्या आणि तारखातं बंद झालं. ती बातमी तरी झाली. पण २००३ मध्ये पाचशे एक रुपयांत मोबाईल म्हणून गावोगाव रिलायन्सचे सीडीएमए फोन पोहोचले, आठवतात? तुला कसे आठवतील. त्या फोनांत सिम बदलायची सोयच नव्हती, फोन आणि कंपनी एकमेकांना बांधलेले. सीडीएमए बंद झालं तेव्हा हँडसेट पोरांच्या खेळण्यात गेले. थ्रीजीचं त्याहून नवल. २०१० साली त्याचा लिलाव ३४ दिवस चालला, सरकारला ६७ हजार कोटींवर रुपये मिळाले, आणि दहा वर्षांत बड्या कंपन्या ते थ्रीजी गुंडाळायलाही लागल्या. टूजी मात्र टिकलं. म्हातारं झालं तरी आईचा फोन आणि विहिरीवरची पेटी त्यालाच धरून आहेत.

किती दिवस टिकेल? टूजी आणि थ्रीजी बंद करायचं धोरण आणा, असं जिओने सरकारकडे मांडलेलं आहे. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल टूजी चालवतात, कारण त्यांच्याकडे ती गिऱ्हाइकं आहेत. तारीख कुणी जाहीर केलेली नाही, म्हणून तू घाबरूही नकोस आणि निर्धास्तही राहू नकोस. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना लावला. ज्या मोदी-टेल्स्ट्रा कंपनीच्या नेटवर्कवरून तो गेला, तिच्यातल्या ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्राने स्वतःच्या देशातलं टूजी डिसेंबर २०१६ मध्येच बंद केलं, आणि थ्रीजी ऑक्टोबर २०२४ मध्ये. थ्रीजीच्या वेळी तिथे तारीख पुढे ढकलावी लागली. काही फोन वरवर फोरजीचे होते, पण त्यांच्यावरून आणीबाणीचा कॉल लागतच नव्हता, हे उशिरा ध्यानात आलं. आपल्याकडेही फोरजी फोन असून कॉल न लागणारे सापडतात. सेटिंगमध्ये फोरजीवरून बोलायची सोय, म्हणजे व्होल्टी, बंद असते, एवढंच. जिओच्या सिमवर ती चालू असल्याशिवाय साधा कॉल लागत नाही. आजोबांच्या फोनवर पहिल्यांदा ते तपासून घे.

आता रेंजचं. सगळे मला विचारतात, नाना, कुणाची रेंज चांगली? मी उलट विचारतो, कुठे? अंगणात, माजघरात, चाळीत की विहिरीवर?

जागेप्रमाणे रेंज का बदलते, ते रेडिओवरून समजेल. आमच्या लहानपणी आकाशवाणीचं मुंबई ‘ब’ ५५८ किलोहर्ट्झवर लागायचं, थेट मुंबईहून, मध्ये सह्याद्री असून. आणि आज नाशिकचं आकाशवाणीचं एफएम १०१.४ ऐकत गाडीने निघालास, तर चांदवडपुढे घाट चढता चढता खरखर सुरू होते. मुंबईचं केंद्र लांब असून यायचं आणि नाशिकचं जवळ असून येत नाही, कारण लाटेची लांबी. मुंबई ‘ब’ची लाट अर्ध्या किलोमीटरहून लांब, ती जमिनीला धरून डोंगराला वळसा घालून यायची. एफएमची लाट तीन मीटरची, ती डोंगराला अडते. मोबाईलच्या लाटा त्याहून बारीक. नऊशे मेगाहर्ट्झची साधारण ३३ सेंटीमीटर, फाइव्हजीच्या तेहतीसशे ते छत्तीसशेच्या पट्ट्यातली आठ-नऊ सेंटीमीटर, आणि २६ गिगाहर्ट्झची एक सेंटीमीटरच्या जरा वर. लाट जेवढी बारीक, तेवढं तिच्यावर सामान जास्त लादता येतं, पण भिंत, डोंगर, ओलं झाड, पत्रा यांना ती तेवढीच लवकर हरते. सगळा स्पेक्ट्रम या एका देवघेवीत येतो. सातशे, आठशे, नऊशेचे पट्टे लांब जातात आणि घरात शिरतात. तेवीसशे, पंचवीसशे, तेहतीसशेचे वेग देतात, पण टॉवर जवळ पाहिजे. २६ गिगाहर्ट्झ आपल्या देवळा तालुक्यातल्या मळ्यांसाठी नाही, ते स्टेडियमचं आणि शहरी इमारतींचं काम.

म्हणून देवळ्यात बाजारपेठेत उभं राहून जाहिरातीतला वेग मोजशील तर मिळेलही, आणि गिरणाकाठी लोहोणेरकडे उताराला गेलास की फोन कुथतो. आपलं घर धाब्याचं होतं तेव्हाही आत रेंज कमी होती, आता स्लॅब आणि वर पत्रा आहे, म्हणजे आणखी कमी. कांदा चाळीला चारी बाजूंनी जाळी असली तरी डोक्यावर पत्रा असतो. व्यापाऱ्याचा फोन चाळीत उभं राहून घेऊ नकोस, बाहेर ये. भाव ऐकताना तुटलेला आवाज महागात पडतो.

स्पेक्ट्रमच्या लिलावाचं तुला उमराण्याच्या कांदा मार्केटवरून समजेल. मार्केटमध्ये कांद्याची ट्रॉली उभी राहते, बोली लागते, पण आधीच शेतकऱ्याने आकडा धरून ठेवला असेल तर व्यापारी पुढच्या ट्रॉलीकडे जातो. सातशे मेगाहर्ट्झचं नेमकं तसंच झालं. सर्वांत लांब जाणारा हा पट्टा सरकारने २०१६ च्या लिलावात ठेवला, पण आधारभूत किंमत मेगाहर्ट्झला ११ हजार कोटींच्या वर. एकही बोली नाही. २०२१ मध्ये पुन्हा काढला, पुन्हा तसाच पडून. किंमत उतरवून २०२२ मध्ये काढला तेव्हा जिओने देशभरातल्या बावीसही सर्कलमध्ये दहा-दहा मेगाहर्ट्झ उचलला. त्या लिलावात एकूण १ लाख ५० हजार कोटींचा व्यवहार झाला, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी सुरू झालं. पाच-सहा वर्षं तो पट्टा कुणाच्याच कामी आला नाही. खेड्यासाठी जो सगळ्यांत उपयोगी, तोच महाग ठेवून पाडून ठेवला, हे माझ्या मते धोरण करणाऱ्यांचं चुकलंच.

यात आणखी एक मेख आहे. स्पेक्ट्रम देवळ्यासाठी विकला जात नाही, सर्कलसाठी विकला जातो. आपलं सर्कल महाराष्ट्र आणि गोवा, म्हणजे गडचिरोलीपासून पणजीपर्यंत, त्यातून मुंबई वेगळी काढलेली. कंपनीने वीस वर्षांसाठी पैसे भरले की ती वसुली कुठून करणार? पुणे, नागपूर, नाशिक. तिथे टॉवर आधी, मग महामार्ग, मग तालुक्याचं ठिकाण, मग आपण. तेव्हा ‘कंपनीकडे अमुक पट्टा आहे’ म्हणजे तो आपल्या टॉवरवर लागला आहे असं समजू नकोस. कुणाच्या टॉवरवर काय लागलंय ते कंपनीच्या वेबसाइटवरच्या नकाशात बघ. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने आता टूजी, फोरजी, फाइव्हजीचे कव्हरेज नकाशे कंपन्यांना दाखवावे लागतात. पण नकाशावर रंग असला तरी जागेवर जाऊन मोज.

मोजायचं कसं? दांड्या बघू नकोस. पाच दांड्या म्हणजे किती, हे प्रत्येक फोनवाला आपापल्या मनाने ठरवतो. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’, तिथे सिमची स्थिती, तिथे सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे ८० उत्तम, उणे ९५ चालेल, उणे ११० च्या पुढे गेला की कॉल तुटणार. आणि हा आकडा सरळ नसतो. उणे ९० आणि उणे १०० यांत दहाचा फरक दिसतो, पण सिग्नल दहापट कमी झालेला असतो. तीन जागा ठरव, माजघर, चाळ, विहीर. तिन्ही ठिकाणी मित्रांची वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं तुझ्याच फोनमध्ये घालून बघ. फोन एकच पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरते. आणि दुपारी मोजू नकोस. रात्री आठला मोज. दुपारी नेट धावतं आणि रात्री सगळं गाव मालिका, क्रिकेट बघायला बसलं की आकडा उणे ८० असूनही चाक फिरत राहतं. तेव्हा दोष सिग्नलचा नसतो, टॉवरवर गर्दी झालेली असते, नाहीतर टॉवरला मागून येणारी वाट अरुंद असते. टॉवरवर ढोलासारख्या गोल तबकड्या दिसतात ना, त्यांतून पुढच्या टॉवरकडे डेटा जातो. जिथे जमिनीखालून फायबर आलंय तिथे वाट मोठी. पण फायबरचं दुखणं वेगळं, रस्त्याच्या कडेला जेसीबी लागला की अर्ध्या तालुक्याचं नेट जातं.

दोन कंपन्यांची दोन सिमं ठेव, हे तुला कुणीही सांगेल. पण दोन कंपन्या म्हणजे दोन टॉवर नव्हेत. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचे अँटेने बऱ्याच ठिकाणी इंडस टॉवर्सच्या एकाच खांबावर असतात, एकाच बॅटरीवर आणि एकाच डिझेलवर. गावठाणाची लाईट गेली, बॅटरी उतरली, की दोन्ही सिमं बरोबरच झोपतात. मग दोन रिचार्ज कशाला करतोस? टॉवरच्या फाटकावर पाटी असते, कंपनीचं नाव आणि साईटचा नंबर. ती वाच. दुसरं सिम असं घे, ज्याचा टॉवर वेगळा आहे. पावसाळ्यात वादळाने लाईट गेली की टॉवर किती वेळ टिकतो, तेही लक्षात ठेव, कोणताही नकाशा ते सांगत नाही.

बीएसएनएलचं काय, हे तू विचारणारच. खात्याचा माणूस म्हणून माझा जीव तिथे अडकलेला आहे, पण सल्ला देताना जीव बाजूला ठेवतो. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून पंतप्रधानांनी बीएसएनएलचं देशी फोरजी सुरू केलं. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि आमच्या वेळची तीच सी-डॉट, हजारो टॉवरांवर आपल्याच देशात बनवलेली यंत्रं. आम्ही ऐंशीच्या दशकातल्या सी-डॉटच्या छोट्या ग्रामीण एक्स्चेंजवर शिकलो, ते वातानुकूलित खोलीशिवाय चालायचं म्हणून खेड्यात टिकलं. त्याचा अभिमान आहे. तरी तुझ्या तीन जागांवर आकडा बरा येत असेल तरच घे. स्टार्टरच्या सिमला मात्र बीएसएनएल एकदा घालून बघायला हरकत नाही, स्वस्तात जिवंत राहतं.

फाइव्हजी फोन घ्यायचा तर घे, पण तीन गोष्टी ध्यानात ठेव. पहिली दुकानातच बघ. पेटीवर किंवा माहितीपत्रकात एन-२८ आणि एन-७८ हे दोन्ही पट्टे आहेत का? एन-२८ म्हणजे तोच सातशेचा, एन-७८ म्हणजे तेहतीसशेच्या वरचा. जिओचं फाइव्हजी स्वतंत्र उभं आहे, त्याला फोनमध्ये ‘स्टँडअलोन’ची सोय लागते. एअरटेलने सुरुवात केली ती फोरजीच्या आधाराने. स्वस्तातल्या फोनांत यातलं काहीतरी गाळलेलं असतं आणि दुकानदार ‘फाइव्हजी आहे ना’ एवढंच सांगतो. दुसरं, अमर्याद फाइव्हजी सगळ्या प्लॅनवर नसतं. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने ते रोज दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं ठेवलं. प्लॅन बदलत राहतात, घेताना अटी वाच. आणि तिसरं, मळ्यात फाइव्हजी अर्धवट येत असेल तर फोन सारखा फोरजी-फाइव्हजी असा उड्या मारतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. तिथे सेटिंगमध्ये फोरजीवर ठेव, कुणी हसणार नाही.

आणि नवं सिम लागत नाही. फोरजीचं सिम फाइव्हजीला चालतं. ‘तुमचं सिम फाइव्हजी करायचंय, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला की तो चोर. ओटीपी दिलास तर तो तुझ्या नंबरचं दुसरं सिम उचलतो आणि तुझ्या फोनची रेंज जाते. भर दुपारी, जिथे कायम रेंज असते तिथे फोन अचानक ‘नो सर्व्हिस’ झाला तर टॉवरला शिव्या देत बसू नकोस. दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला आणि बँकेला फोन कर. पैसे गेले असतील तर १९३० वर, त्याच तासात.

पोर्ट करायचं ठरलंच तर वेळ निवड. कांदा मार्केटला न्यायच्या आठवड्यात करू नकोस, पेरणीच्या अनुदानाच्या दिवसांत करू नकोस, कारण मध्येच नेटवर्क बदलत असताना ओटीपी अडकतो. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर, तो १९०० वर पाठव. उत्तरात कोड येतो, आपल्या राज्यात तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत. आणि सिम हरवल्यामुळे किंवा फाटल्यामुळे नवं घेतलं असेल, तर १ जुलै २०२४ च्या नियमाने सात दिवस पोर्ट होत नाही, शिवाय पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात. चोरांवरचा चांगला बंदोबस्त आहे हा, पण पीएम किसानची केवायसी त्याच दिवशी करायला जाशील तर कपाळाला हात लावशील.

आईच्या नंबरचं सगळ्यांत जपून. तो आधारला आहे, बँकेला आहे, गॅसला आहे, पीएम किसानला आहे. तिला नेट नको, फक्त बोलायचं. पूर्वी नेटचा प्लॅन तिच्या गळ्यात पडायचाच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन कंपन्यांनी द्यायचे, आणि मुदत वर्षभरापर्यंत ठेवता येईल. तिला वर्षाचा मार, डोक्याची कटकट नाही. कारण नंबर बंद पडला की ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग बँकेचा ओटीपी कुठल्याशा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो, आणि आपण तालुक्याला फेऱ्या मारतो. तिच्याच नावावर आणखी किती सिमं आहेत तेही बघून घे. सरकारच्या संचार साथी साईटवर नंबर टाकला की यादी येते, आपलं नसलेलं तिथेच ‘माझं नाही’ म्हणून टाकता येतं. फोन चोरीला गेला तर त्याच साईटवरून तो बंदही पाडता येतो, पण त्यासाठी आयएमईआय लागतो. *#०६# दाबून सगळ्यांचे आयएमईआय त्याच वहीच्या पानावर आजच लिहून ठेव.

राहिला टॉवरचा प्रश्न. ग्रामसभेत रेंज नाही म्हणून ओरडणारे आणि टॉवर नको म्हणून ओरडणारे एकच असतात, हे मी खात्यात असताना फार पाहिलं. लहरींच्या प्रारणाची मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. भीती वाटत असेल तर तक्रार कर, मोजणी मागव, पण टॉवर जाळून रेंज येत नाही.

आणि आपल्या खडकाळ तुकड्यावर टॉवर बसवतो, महिन्याला अमुक भाडं, पोराला नोकरी, आधी फक्त ‘एनओसी’चे पंधरा-वीस हजार भरा, असा फोन तुला येणारच. मलाही आले, ट्रायच्या शिक्क्याचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. ट्राय असली एनओसी देत नाही, कुणाकडून पैसेही घेत नाही. खऱ्या कंपनीचा माणूस येतो तेव्हा तो जीपीएस घेऊन बांधावर उभा राहतो, सातबारा बघतो, करार करतो, आणि पैसे तो देतो. आधी पैसे मागितले की फोन ठेव, नंबर संचार साथीतल्या ‘चक्षू’ या तक्रारीच्या सोयीवर टाक, आणि तुझ्या बापालाही सांगून ठेव, कारण पुढचा फोन त्यालाच येईल.